रक्तात आहे म्हणजे नेमकं कुठे?

पत्र

मॅडम, माझं वय २७. सांगली जिल्ह्यात एका पतसंस्थेत कामाला आहे. माझं लग्न ठरलंय. मुलगा पुण्यात आयटीत आहे. साखरपुडा झाल्यावर महिन्याभराने त्यानेच मला सांगितलं की तो तीन वर्षं एमडी पावडरची नशा करत होता, गांजाही ओढायचा. नोकरी गेली, वजन पंधरा किलोने उतरलं, खिडकीतून कोणीतरी बघतंय असा संशय यायला लागला. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. आता दोन वर्षं झाली, पावडर आणि गांजा पूर्ण बंद. आता फक्त तंबाखू खातो आणि मित्रांबरोबर कधीतरी बिअर, ती तर त्याला चढतसुद्धा नाही. त्याचे वडील दारूने लिव्हर खराब होऊन ५२व्या वर्षी गेले, हे आम्हाला माहीत होतं. तेव्हाच आत्या म्हणाली होती, खाण तशी माती. एमडीचं मात्र आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. त्याने खरं सांगितलं म्हणून तो मला जास्तच आवडायला लागलाय, पण रात्री झोप लागत नाही. हे विष त्याच्या रक्तात अजून असेल का? त्याचे जीन्स खराब झाले असतील तर मुलांना जातील का? मूल व्यंग असलेलं होईल, की मोठं होऊन तेही नशा करेल? लग्नाआधी कोणती तपासणी करून घेऊ, म्हणजे खात्री होईल? मला स्वतःला कसलंही व्यसन नाही (मिश्री सोडून, ती आमच्याकडे सगळ्याच बायका लावतात). मला अगं-तुगं करा, मुलीसारखं समजून सांगा.

उत्तर

सगळ्यात सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे आजची रात्र तरी झोपशील. एमडी आता त्याच्या रक्तात नाही. मेफेड्रोन हे त्याचं पूर्ण नाव. शरीरात गेल्यावर साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं आणि काही दिवसांत लघवीतूनही ते नाहीसं होतं. दोन वर्षांनी त्याचा कणही शिल्लक असायचं कारण नाही. ते इतक्या लवकर उतरतं, म्हणूनच तर एका रात्रीत पुन्हा पुन्हा लाईन ओढली जाते. उतरायला लागलं की जीव नकोसा होतो. मग दुसरी, मग तिसरी.

पण तुला एवढंच विचारायचं नव्हतं. आपण ‘रक्तात आहे’ असं म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात तीन वेगळे हिशेब कोंबतो. नशेने त्याच्या शरीराचं काय केलं, हा एक. त्याच्याकडून मुलाकडे काय जाईल, हा दुसरा. आणि त्याच्या वडिलांकडून त्याच्याकडे काय आलं, हा तिसरा. तुझ्या आत्याच्या म्हणीत तिन्हींची खिचडी झाली आहे. मी ती निवडून वेगळी करते.

शरीराचं थोडक्यात सांगते, कारण यातलं बरंचसं तो स्वतः भोगून बसला आहे. मेंदूत निरोप पोचवणारी डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं असतात, मेफेड्रोन त्यांचा साठा एकदम ओतायला लावतं. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, जबडा आवळला जातो, बोटं गार पडतात, भूक आणि झोप दोन्ही पळतात. खिडकीतून कोणी बघतंय असं वाटणं हा त्याचा स्वभाव नव्हता, तो विषाचा परिणाम होता. उतरलेले पंधरा किलोही त्याच खात्यातले. याच्या जवळच्या नात्यातलं एक रसायन आहे, मेथअँफेटामिन. ते सोडलेल्या लोकांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूचं काम कसं चाललंय ते दाखवणारी चित्रं) अमेरिकेत नोरा वोल्को यांच्या गटाने २००१ साली प्रसिद्ध केले. डोपामिन परत उचलून घेणारी जी प्रथिनं नशेने रोडावली होती, ती बारा ते सतरा महिन्यांच्या संयमानंतर बरीच भरून आली होती. स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा दिसली नाही. म्हणजे मेंदू सावरतो, पण नव्या कातडीसारखा आठवड्याभरात नाही. तो कधी विसरला, कधी उगाच चिडला, तर लगेच ‘परत सुरू केलं’ असं समजू नकोस. पण तो संशय पुन्हा डोकं वर काढतोय असं दिसलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला उशीर करायचा नाही.

त्याला एक प्रश्न मात्र जरूर विचार. कधी सुई वापरली होती का? आणि नाकाने ओढताना एकच गुंडाळलेली नोट चौघांत फिरायची का? हे विचारताना लाजू नकोस. सुईतून एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी पसरतात, आणि हेपटायटिस सी नाकातल्या रक्ताने माखलेल्या नोटेतूनही जाऊ शकतो. म्हणून त्याने एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपटायटिस बीची) आणि अँटी-एचसीव्ही (हेपटायटिस सीची) या तीन तपासण्या कराव्यात, जोडीला लिव्हरच्या तपासण्या, रक्तदाब आणि ईसीजी. एचआयव्ही आणि हेपटायटिसच्या तपासण्या तूही कर. लग्नाआधी दोघांनी कराव्यात अशाच त्या आहेत. ‘बी’वर लस आहे. ‘सी’ निघालाच तर घाबरायचं नाही, साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, आणि २०१८पासून सरकारी कार्यक्रमात ते उपचार मोफत आहेत.

लघवीची ड्रग टेस्ट मात्र मागू नकोस. बाजारातल्या साध्या किटमध्ये मेफेड्रोन बऱ्याचदा पकडलंच जात नाही, आणि पकडलं तरी ते मागच्या दोन-चार दिवसांचं. त्या कागदावर तुला जी खात्री हवी आहे ती मिळणार नाही. उलट ज्याने आपणहून सांगितलं, त्यालाच तू आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करशील.

आता तुझी झोप उडवणारा मुद्दा, बीजाचा.

मी एमबीबीएसला असताना पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत एक काचपट्टी बघितली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. तंबाखू खाणाऱ्या एका माणसाच्या गालाच्या आतून लाकडी पट्टीने हलकेच खरवडून घेतलेल्या पेशी. निरोगी पेशीत मधोमध एकच गोल केंद्रक दिसतं, वाटाण्यासारखं. यातल्या काही पेशींत त्या वाटाण्याशेजारी मोहरीएवढा आणखी एक ठिपका होता. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा, म्हणजे जीन्स वाहून नेणाऱ्या धाग्याचा, तुटका तुकडा वाटणीत मागे राहतो आणि त्याच्याभोवती स्वतंत्र वेष्टण तयार होतं, तो हा ठिपका. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. म्हणजे विषाने जीन्सची मोडतोड होते, हे खोटं नाही. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

पण ती पेशी गालाची होती, हे विसरू नकोस. अशा बहुतेक पेशी काही आठवड्यांत झडून जातात. एखादी बिघडून तगली तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, पण तो खाणाऱ्याला. गालातला तुटका तुकडा मुलाला वारशात मिळत नाही. मुलाकडे जातं ते फक्त शुक्रजंतूतलं आणि स्त्रीबीजातलं.

ही गल्लत मोठमोठ्यांनी केली आहे. १९६७ साली अमेरिकेत मेमॉन कोहेन नावाच्या संशोधकाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या रक्तपेशींवर एलएसडी हे भास घडवणारं नशेचं रसायन टाकलं आणि गुणसूत्रं तुटलेली दिसली. झालं, एलएसडी घेणाऱ्यांची पोरं व्यंग घेऊन जन्मणार, अशी हाकाटी उठली. ज्या ‘सायन्स’ नियतकालिकात हे छापून आलं होतं, त्यातच १९७१ साली ६८ अभ्यास तपासून निष्कर्ष निघाला की शुद्ध एलएसडी माफक मात्रेत गुणसूत्रांना इजा करत नाही. एलएसडी निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. काचेतल्या रक्तपेशीवरून पाळण्यातल्या बाळाचं भविष्य सांगायचं नसतं, एवढाच.

शुक्रजंतूंचं गणित तर तुझ्या बाजूचं आहे. बाईची स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. पुरुषाचं तसं नाही, त्याच्याकडे रोज नवा माल निघतो. एक शुक्रजंतू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, आणि पुढचा प्रवास करून बाहेर पडायच्या लायकीचा व्हायला आणखी दहा-बारा. तीन महिने धर. दोन वर्षांत त्याच्या शरीरात शुक्रजंतूंच्या आठ तुकड्या घडून संपल्या. एमडीच्या दिवसांतले शुक्रजंतू आता नाहीत. ज्या मूळ पेशींपासून ते बनतात त्या त्याच असतात, म्हणून ‘धोका शून्य’ असं मी लिहून देणार नाही. तसं तर मी कोणालाच लिहून देत नाही. शंभरातल्या दोन-तीन बाळांत काहीतरी जन्मजात दोष असतोच, सुपारीचं खांडही न खाणाऱ्या आईबापांच्यासुद्धा.

तो गांजा ओढायचा म्हणून हेही सांगते. गांजा ओढणाऱ्यांच्या शुक्रजंतूंमध्ये डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या असतात, असं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं. जीन्सची अक्षरं तीच, फक्त कोणतं वाक्य वाचायचं आणि कोणतं गाळायचं, याच्या खुणा हललेल्या. मग त्यांनी काही जणांना ७७ दिवस गांजा बंद करायला सांगून पुन्हा तपासलं, तर ते बदल बरेच ओसरले होते. ७७ दिवस का, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

म्हणूनच तुझ्या पत्रातल्या एका शब्दावर मी अडखळले. ‘आता फक्त तंबाखू खातो.’

एमडी आठ तुकड्यांमागची गोष्ट झाली. आज जी तुकडी घडते आहे, ती तंबाखूच्या रसात घडते आहे. तळहातावर चुना मळून, थापटून, ओठाआड बार भरला की निकोटिन आणि नायट्रोसामाइन्स ही कॅन्सर करणारी रसायनं थेट रक्तात जातात, आणि रक्त जिथे जिथे जातं तिथे तिथे पोचतात. तंबाखू चघळणाऱ्यांच्या वीर्यतपासणीत शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी आढळते, आणि दिवसाच्या पुड्या जितक्या जास्त तितकी ती घट मोठी. तोंडाच्या कॅन्सरचं मी सांगायला नको, तुमच्या गल्लीतही एखादं घर असेल. पावडरीचं नाव काढलं की आपण हादरतो, आणि टपरीवर सुटे पैसे नाहीत म्हणून टपरीवाला हातावर पुडी टेकवतो तिकडे बघतही नाही. मूल हवं असेल तर त्याआधी निदान तीन महिने त्याचं तोंड रिकामं हवं. माझं विचारशील तर कायमचंच.

तिसरा हिशेब वडिलांचा. इथे आत्या अर्धी बरोबर आहे, म्हणून नीट वाच.

व्यसनाकडे ओढा असणं घराण्यात चालत येतं. दारूच्या बाबतीत जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यातला साधारण निम्मा वाटा जीन्सचा मानतात. कोणताही एक ‘दारूचा जीन’ नसतो. कितीतरी जीन्स थोडं थोडं वजन टाकतात. वारसा आणि संगत वेगळी करून बघायला डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदी काढल्या. दारुड्या बापाचे मुलगे, पण लहानपणीच दुसऱ्या घरी वाढलेले, बापाचा ग्लासही न पाहिलेले. १९७३ साली निकाल आला. त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना दारूचं व्यसन लागलं होतं. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं अशा दत्तक मुलांत हे प्रमाण ५ टक्के होतं. आत्या म्हणेल, बघा, जवळजवळ चौपट! मी म्हणेन, आत्या, १८ गेले की ८२ उरतात. खाण तशी माती असती तर आकडा शंभर आला असता.

म्हणजे तुमच्या मुलांचा धोका शेजारच्या मुलांपेक्षा थोडा जास्त असेल, हे धरूनच चाल. मधुमेह असलेल्या घरात जसं लहानपणापासून गोडावर नजर ठेवतात तसं. त्या घरात बाटली फ्रीजमध्ये दिसणार नाही, काका ‘घे रे एक घोट’ म्हणणार नाही, आणि मूल पंधरा-सोळा वर्षांचं झालं की त्याला आजोबांची गोष्ट न लपवता सांगितली जाईल. पहिला घोट जितका उशिरा, तितकं बरं.

आणि आता बिअर. ‘ती तर त्याला चढतसुद्धा नाही’ हे तू दिलासा म्हणून लिहिलं आहेस. माझ्या दृष्टीने पत्रातलं ते सगळ्यात काळजीचं वाक्य आहे. मार्क शकिट नावाचे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना मोजून दारू देऊन तपासायचे आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. ज्यांना विशीत तेवढ्याच दारूने कमी चढत होतं, तेच पुढे जास्त प्रमाणात व्यसनात अडकलेले निघाले. साधं कारण आहे, इतरांना दोन ग्लासांत थांबायचा इशारा मिळतो, यांना मिळत नाही. आपल्याकडे पोरं ‘मला चढत नाही’ हे मिशीला पीळ देऊन सांगतात. ज्याचे वडील दारूने गेले आणि जो स्वतः एमडीतून दोनदा उठला आहे, त्याच्या तोंडी ते वाक्य ऐकून मी तरी खुर्चीत सरळ बसले. शिवाय बिअरच्या टेबलावर तलफेला नाही म्हणणारं डोकं आधी झिंगतं, आणि पावडर देणारे जुने मित्र त्याच टेबलावर असतात. केंद्रात त्याला हे नक्की सांगितलं असणार. त्याने ते तुला का सांगितलं नाही, हे विचार.

कोणती तपासणी केली म्हणजे खात्री होईल, असं तू विचारलंस. माझी तपासणी हीच. समोर बसून त्याला म्हण की बिअरही बंद. तो काय म्हणतो ते ऐक. ‘बरोबर आहे, मी स्वतःशी लबाडी करत होतो’ असं म्हणाला, जुन्या केंद्रात किंवा एनएच्या (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, नशा सोडलेल्यांचा गट) मीटिंगला पुन्हा जायला लागला, तर जीन्सचा बाऊ न करता लग्न कर. ‘एवढ्याशा बिअरने काय होतंय, तू शंका घेतेस’ असं म्हणाला, तर तारीख पुढे ढकल, हॉलचे पैसे बुडाले तरी चालतील.

घरच्यांना सांगावं, आणि लग्नाआधीच. त्याने सांगावं, तू शेजारी बसावंस. हे गुपित तू एकटीने उराशी बाळगलंस, तर उद्या तो घसरला तेव्हा तू त्याची बायको कमी आणि पहारेकरी जास्त होशील, आणि रडायलाही कोणी नसेल. आईबाबा हादरतील, आत्या बोलेल. बोलू दे. पुण्यातच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६पासून हे काम करतंय, तिथे घरच्यांशीही बोलतात. व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, तिथे तूही फोन करू शकतेस, व्यसन तुझंच असायला हवं असं नाही.

आता त्या कंसाकडे येऊ. ‘मिश्री सोडून’.

मिश्री म्हणजे तंबाखूच ना गं, तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली. हिरडीवर घासली की निकोटिन रक्तात, आणि दिवस गेलेले असले की नाळेतून बाळापर्यंत. बापाच्या तोंडातलं विष एका शुक्रजंतूपुरतं पोचतं. आईच्या तोंडातलं नऊ महिने रोज, सकाळ-संध्याकाळ. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायका बहुतेक तुझ्यासारख्या मिश्री लावणाऱ्याच होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. दोन वर्षांपूर्वी थांबलेल्या एमडीपायी तू रात्र रात्र जागते आहेस. तुमच्या बाळाला ज्याची झळ सरळ लागेल, ते तू कंसात टाकलंस.

तेव्हा दोघांनी एकाच सोमवारी सुरू करा, तो पुडी सोडेल, तू डबी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही मोफत क्विटलाइन आहे. मूल हवं असं ठरलं की डॉक्टरांना विचारून फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आधीपासूनच सुरू कर. मिश्री सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस तुझं डोकं दुखेल, हिरड्या शिवशिवतील, आणि सकाळी पोट साफ होणार नाही. मिश्रीशिवाय होतच नाही असं आमच्या ओपीडीतल्या बायकाही सांगतात. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घे, तोंडात बडीशेप ठेव, आठ-दहा दिवसांत पोट आपोआप वळणावर येतं. आत्याने सवयीने डबी पुढे केली, तर डॉक्टरीणबाईंनी बंद केली म्हणून सांग, माझ्या नावावर खपव.